दुसरी फुगडी

भादव्याची पुनव आली की माझे पाय दुखायला लागतात. गेली कित्येक वर्षं हा नेम आहे. पुनवेला सुरू, कोजागिरीला बंद. डॉक्टरला दाखवायचं हे दुखणं नाही. सकाळी वांग्याच्या वावरात मी तरण्याताठ्या बायांना मागे टाकते आणि संध्याकाळी भुलाबाईच्या मातीच्या मूर्तीसमोर फुगडीला उभी राहिले की मला पाऊल उचलवत नाही. यंदा पुनव होऊन गेली, गल्लीत पोरींच्या टाळ्या सुरू झाल्या, सोयाबीनचा भुसा उडून नाकातोंडात जायला लागला, आणि माझे पाय ठणठणीत आहेत. त्याचाच मला राग आलाय.

ना धड पावसाळा ना हिवाळा असा हा महिना. दुपारी ऊन पाठ भाजून काढतं आणि दिवेलागणीला अंगावर शहारा येतो. पिंपळगाव राजाच्या चारी बाजूंनी थ्रेशरची घरघर ऐकू येते. सोयाबीनच्या कुटाराचा वास कपड्यांना, केसांना, उशीलासुद्धा लागतो आणि मान सारखी खाजत राहते. आम्ही बाया तशाच घरी येतो, न्हाणीत दोन तांबे अंगावर घेतो आणि भुलाबाईला निघतो. हाताचा सांबाराचा वास मात्र जात नाही. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. बाजारासाठी जुड्या बांधून बांधून तो वास बोटांत मुरतो, मग साबण लावा की राख. नंदाच्या हातांनाही तोच वास यायचा. फुगडीत चार हात एकमेकांत अडकले की वास कुणाच्या हातांचा ते कळायचं नाही.

नंदा म्हणजे आमच्या समोरच्या घरची सून. एकाच उन्हाळ्यात आम्हा दोघींची लग्नं झाली. मी डोणगावहून आले, ती सोनाळ्याहून आली. उंची सारखी, अंगलट सारखी, आणि दोघींनाही माहेरी फुगडीचं वेड. पहिल्याच भुलाबाईला आम्ही हात धरले आणि दोघींनाही कळलं की ही आपल्या जोडीची आहे. फुगडी अशी कुणाबरोबरही जमत नाही. एक जड असली की दुसरी फरफटत जाते. एक भित्री असली की ती पाय टेकवत राहते आणि सगळा वेग जातो. तागडीची दोन्ही पारडी सारखी भरलेली असली की काटा कसा मधोमध उभा राहतो, तशा आम्ही उभ्या राहायचो. मग पावलाला पाऊल लावून, अंग मागे टाकून सुटायचो. गल्ली फिरायची, कंदील फिरायचा, भुलाबाई-भुलोजी फिरायचे, ओट्यावरच्या म्हाताऱ्यांची एकच पांढरी रेघ व्हायची. न फिरणारी एकच गोष्ट उरायची, ती म्हणजे समोरचा चेहरा. नंदाच्या नाकातली चमकी, तिचे किंचित पुढे आलेले दात, आणि ते हसू. ते मी नाकबूल करणार नाही. मला जे आवडलं ते आवडलं.

आमच्या गल्लीत भुलाबाई मांडतात पोरी, पण पोरींनी गाणी म्हणायची आणि सुना-लेकींनी फुगड्या घालायच्या अशी वाटणी आहे. फुगडीचेही कायदे आहेत आणि ते गंगाकाकूंकडे आहेत. त्या तेव्हाही ओट्यावर खिरापतीचा डबा मांडीवर घेऊन बसायच्या, आता नव्वदीला टेकल्या तरी तिथेच बसतात. पहिल्या फुगडीला नाही म्हणायचं नसतं, कारण ती भुलाबाईची. वैरिणीनं हात पुढे केला तरी आपला द्यायचा. दुसरी मात्र ज्याच्या त्याच्या हौसेची. तिला नाही म्हणता येतं, पण तोंड वाकडं करून नाही. पाय दुखतात, डोकं गरगरतं, असं काहीतरी गोड सांगायचं. आणि एकदा सांगितलं की ते गाणं संपेपर्यंत ओट्यावर बसायचं. एकीला पाय दुखतात म्हणून सांगितलं आणि दुसरीचा हात धरला, तर गंगाकाकू सगळ्यांदेखत विचारणार, ‘‘काऊन वं, माणूस पाहून पाय दुखते काय तुहे?’’

आणखी एक गोष्ट होती. ती कायदा नव्हती, पण त्याहून घट्ट होती. फुगडीत बोललेलं फुगडीतच राहायचं. पोरी गात असतात, टाळ्या वाजत असतात, दोन तोंडं एका हाताच्या अंतरावर असतात आणि तिसऱ्या कानाला काही जात नाही. घरात चार भिंतींनाही कान असायचे. म्हणून गल्लीतल्या सुना माहेरची आठवण, नवऱ्याचा मार, चुकलेली पाळी, सगळं फुगडीत सांगायच्या. सांगून मोकळ्या व्हायच्या आणि पदर खोचून घरी जायच्या.

मीही सांगितलं. लग्नानंतरचं दुसरं वर्ष होतं आणि आमची फुगडी अशी काही लागली होती की पोरींनी गाणं संपवलं तरी आम्ही थांबलो नव्हतो. मी नंदाला म्हटलं, ‘‘दिवाळी झाली की मी चालली. खामगावले. मले नर्सिंगले जागा भेटली. ह्यायलेही तिथं काम भेटून राह्यलं. ज्वारी घरात आली की सांगू घरी.’’ आमच्या ह्यांनी आणि मी ते बेत कुजबुजत केले होते. खोली बघून ठेवली होती. पांढरी साडी कशी नेसायची ते मी बंद दाराआड आरशात करून बघितलं होतं. माहेरी डोणगावात एक नर्सबाई यायची, तिचे स्वच्छ हात बघत मी लहानाची मोठी झाले. मला तेवढंच हवं होतं. नंदा हसली, माझे हात तिनं आणखी घट्ट धरले आणि म्हणाली, ‘‘बापा, लय मोठी झाली वं तू.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी अंथरूण धरलं. पोरगं घर सोडून चाललं, सुनेनं फोडलं, असं म्हणत त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या. अन्न सोडलं. चारचौघं बोलावली गेली. आमचे हे मान खाली घालून बसले होते. आईसमोर त्यांचं कधीच चाललं नाही. संध्याकाळी मला म्हणाले, ‘‘पुढच्या साली पाहू ना. जागा काय पळून जाते?’’ जागा पळून गेली. पुढचं साल तर कधी आलंच नाही.

मी नंदाला नळावर गाठलं. माझा समज होता की ती रडेल, शपथा घेईल, दुसऱ्या कुणाचं तरी नाव सांगेल. ती कपडे पिळत होती आणि पिळतच राहिली.

‘‘काऊन सांगतलं वं?’’ मी विचारलं.

‘‘मंग काय करू? तू गेल्यावर माह्यासंग फुगडी कोन खेळन?’’ ती म्हणाली. ‘‘ह्या बाकीच्या तं दोन गिरक्यात बसते. तुह्या सासूबाई थोड्या बोलतीन अन् होईन सगळं बरोबर, असं वाटलं मले.’’

आणि हसली. पोरीनं लाडात येऊन पदर धरावा आणि तो फाटावा, तसं तिचं तोंड झालं होतं. तिच्या मनात पाप नव्हतं, असं पुढे कित्येकींनी मला समजावलं. पाप नव्हतं हे मलाही कळत होतं. पण ज्याचं जळतं त्याला कळतं. माझ्या आयुष्याच्या बदल्यात तिला एक महिन्याची फुगडी हवी होती आणि ती तिनं मला न विचारता घेतली होती.

तिथल्या तिथे मी बादली आपटली असती, झिंज्या धरल्या असत्या, तर बरं झालं असतं असं म्हणतात. आमच्याकडे भांडणं तशीच होतात. गल्ली गोळा होते, सात पिढ्यांचा उद्धार होतो, आणि दिवाळीला फराळाचं ताट इकडून तिकडे गेलं की मिटतं. म्हणूनच मी भांडले नाही. मिटेल असं काही मला करायचंच नव्हतं. मी तिला म्हटलं, ‘‘बरं बाई.’’ आणि हंडा उचलून घरी आले. हंडा डोक्यावर होता आणि मनात एकच विचार होता, हिला फुगडी हवी ना.

त्या संध्याकाळी तिनं हात पुढे केले. पहिली फुगडी होती, मी दिली. पण तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. तिच्या खांद्यावरून पलीकडे, फिरणाऱ्या भिंतींकडे बघत राहिले. फुगडीत समोरच्या चेहऱ्यावरून नजर काढली की पोटात ढवळून येतं, हे खेळणाऱ्या कुणालाही विचारा. मला ओकारी येत होती, पण मी नजर फिरवली नाही. फुगडी सुटली. ती धापा टाकत, डोळे चमकवत म्हणाली, ‘‘अजून एक.’’ मी तिचे हात हळूच सोडवले आणि जितकं गोड बोलता येईल तितक्या गोड आवाजात म्हटलं, ‘‘नाही वं नंदा, माहे पाय दुखून राह्यले.’’ मग गेले आणि ओट्यावर गंगाकाकूंच्या शेजारी बसले. वर तिथून हाक मारली, ‘‘खेळ ना वं तू. माह्यासाठी काऊन थांबली?’’

तिथून पुढे दर साली, महिनाभर, रोज एक फुगडी. दुसरी नाही. एकही फुगडी दिली नसती तर तिला सवय झाली असती. माणूस उपाशी राहून राहून भूक विसरतो. मी तिला रोज एक घास देत होते. दुसऱ्या फुगडीलाच खरी गंमत असते. पहिलीत अंग गरम होतं, श्वास जुळतो, हातांची पकड बसते, आणि दुसरीत माणूस सुटतो. ती मी तिला दिली नाही.

ओट्यावरून मग मला सगळं दिसायचं. नंदा मधोमध उभी. आजूबाजूला नजर टाकणार. कुणीतरी लाजत पुढे येणार. दोन गिरक्या, आणि ‘‘बस वं बाई, भोंड आली’’ म्हणून ती खाली बसणार. मग दुसरी, मग तिसरी. नंदाचं हसू हळूहळू उतरत जाणार आणि शेवटी ती पोरींबरोबर नुसत्या टाळ्या वाजवत उभी राहणार. काकूंकडचा खिरापतीचा डबा तेवढ्यापुरता माझ्या मांडीवर असायचा. आत कधी शेंगदाण्याचे लाडू, कधी करंज्या. झाकणातून वास यायचा. कुणाचा हिरमोड बघून आनंद होऊ नये म्हणतात. मला व्हायचा. त्या वासासकट व्हायचा.

नंदाला कळत नव्हतं असं नाही. पण रागावणार कशावर? मी तिच्याशी अबोला धरला नव्हता. लग्नाकार्यात तिच्या शेजारी पुऱ्या लाटल्या, तिच्या पोराच्या बारशाला पाळणा सजवला. तिनं कधी विचारलंच, ‘‘अजून राग हाय काय वं?’’ तर मी म्हणायचे, ‘‘राग कायचा? पाय दुखते.’’ भांडणाला उत्तर देता येतं, दुखऱ्या पायाला काय उत्तर देणार?

एकदा सासूबाईंना खामगावच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. त्यांची शीर सापडत नव्हती. तीन ठिकाणी हात काळानिळा झाला. मग एक सिस्टर आली, माझ्याच वयाची. तिनं सासूबाईंचा हात आपल्या हातात घेतला, अंगठ्यानं हळूच चाचपला, डोळे जरा मिटले, आणि सुई आत गेली. सासूबाई नुसतं ‘‘अव्’’ म्हणाल्या. त्या बाईच्या बोटांना साबणाचा वास येत होता. मी माझे हात पदराखाली घेतले. त्याच संध्याकाळी नंदा पिंपळगावहून एस.टी.नं डबा घेऊन आली. भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, आणि सासूबाईंना मऊ भात वेगळा. रात्र तिथेच राहते म्हणाली, मला घरी पाठवलं. भली बाई आहे, मी नाही म्हणत नाही. मी डबा घासून, रिकामा देऊ नये म्हणून त्यात साखर घालून परत केला. आणि त्या भादव्यात तिला ‘‘पाय दुखून राह्यले’’ म्हणताना माझा आवाज पूर्वीपेक्षाही गोड निघाला.

मला मुलगी झाली, ती शिकली, तिच्या मार्गानं गेली. सगळे म्हणतात, पोरीत आपलं राहिलेलं पूर्ण होतं. माझं झालं नाही. तिचं तिचं झालं, माझं माझ्याजवळच राहिलं.

गेल्या वर्षी भादव्यातच बातमी आली. नंदाच्या पोरानं पुण्याला फ्लॅट घेतला होता आणि आईबापाला तो कायमचं घेऊन जाणार होता. दिवाळी झाली की जाणार. दिवाळी झाली की! हे शब्द ऐकले आणि माझ्या हातातलं विळ्याचं पातं थांबलं. जिनं मला पंधरा-वीस मैलांवर जाऊ दिलं नाही, ती आता पुण्याला चालली होती. गल्लीतल्या बाया मला म्हणाल्या, ‘‘तुह्या तं सुंठीवाचून खोकला गेला.’’ त्यांना वाटलं मी सुटले. आमचे हे जेवताना सहज बोलल्यासारखं म्हणाले, ‘‘आता जाऊन राह्यली ते. खेळून घे एखादी जास्तीची.’’ मी त्यांच्या ताटात भाजी वाढली. एवढ्या वर्षांत त्यांनी या विषयावर काढलेलं हे पहिलं वाक्य.

मी महिनाभर शेवटच्या नकाराची तयारी केली. अगदी खरं सांगते. वांगी तोडता तोडता मनातल्या मनात तो म्हणून बघायचे. आवाज किती खाली घ्यायचा, तिचे हात कसे सोडवायचे, हसायचं किती. कोजागिरीला ती नक्की मागणार, कदाचित डोळ्यात पाणी आणून मागणार. शेवटची आहे वं, म्हणेल. आणि मी तिच्या डोळ्यात बघून नाही म्हणेन. इतकी वर्षं तिच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं होतं. त्या दिवशी मात्र मला तिचं तोंड बघायचं होतं.

कोजागिरीला भुलाबाईवर ज्वारीच्या धांड्यांचा मखर करतात. आता ज्वारी कोण पेरतं? सोयाबीननं सगळं शिवार खाल्लं. नंदाच कुठून तरी, कुणाच्या तरी गुरांच्या चाऱ्यातून पाच उंच धांडे घेऊन आली, हिरव्या पानांसकट. आम्ही दोघींनी मिळून ते उभे केले. चंद्र नुकताच घरांच्या वर आला होता. दूध चुलीवर होतं. पोरी जमल्या, गाणी सुरू झाली, आणि नंदानं माझ्यापुढे हात केले.

मी हात दिले. पावलाला पाऊल लागलं. तिचे गुडघे आता पूर्वीचे नव्हते, माझेही नव्हते, तरी पकड बसली ती जुनीच. अंग मागे टाकलं आणि गल्ली फिरायला लागली. मी ठरवल्याप्रमाणे तिच्या तोंडाकडे बघितलं. चमकी होती. पुढचा एक दात गेला होता. केस पांढरे होऊन कपाळाला चिकटले होते. तिनं डोळे मिटले होते आणि ती हसत होती. किती वर्षांनी माझ्या पोटात ढवळलं नाही. मखर फिरला, चंद्र फिरला, म्हाताऱ्यांची पांढरी रेघ झाली आणि मधे एक चेहरा जागच्या जागी राहिला. श्वास जुळला होता. मला तो नकार आठवत होता, शब्द न् शब्द आठवत होता. नंदा आता डोळे उघडेल, ‘‘अजून एक’’ म्हणेल, याची मी वाट बघत होते.

वेग उतरला. आम्ही थांबलो. नंदानं डोळे उघडले, माझ्याकडे नीट बघितलं, आणि माझ्या हातांतून आपले हात हळूच सोडवून घेतले.

‘‘बस वं वनिता,’’ ती म्हणाली. ‘‘माहे पाय दुखून राह्यले.’’

तिनं पदर सारखा केला आणि ओट्याकडे गेली. गंगाकाकू बाजूला सरकल्या. नंदा तिथे बसली, बरोबर माझ्या जागेवर, आणि काकूंच्या मांडीवरचा खिरापतीचा डबा तिनं आपल्या मांडीवर घेतला. पोरींनी पुढचं गाणं सुरू केलं. माझ्या तोंडात नकार तयार होता. हात मात्र अजून पुढेच होते.

मी ते खाली घेतले. आजूबाजूला बघितलं. पाटलांची नवी सून लाजत पुढे आली, मी तिचे हात धरले, आणि दोन गिरक्यांत ती ‘‘काकू, भोंड आली’’ म्हणून खाली बसली. दुसरी कुणी पुढे आली नाही. मी मधोमध उभी होते आणि ओट्यावरून मी कशी दिसत असेन हे या गावात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

‘‘खेळ ना वं तू,’’ ओट्यावरून नंदाचा आवाज आला, अगदी गोड. ‘‘माह्यासाठी काऊन थांबली?’’

गाणं अजून बरंच उरलं होतं.